कोळसा, गेरू आणि आमच्या सोसायटीची भिंत

गेल्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मीटिंग झाली आणि ठरलं की रस्त्याच्या बाजूच्या कंपाउंड वॉलवर वारली काढून घ्यायची. सलग 80 फूट भिंत आहे. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर डिझाइन पण आलं, मागे तपकिरी रंग, वर पांढऱ्या आकृत्या, मधोमध तारपा नाच आणि कडेला बैलगाडी. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन स्क्वेअर फुटाच्या हिशोबात, एक्स्टिरिअर पेंट, तीन वर्षं रंग उडणार नाही अशी हमी. सगळ्यांनी पटापट अंगठे दिले. मी नाही दिला, आणि का नाही दिला ते ग्रुपवर चार ओळीत सांगता येईना, म्हणून इथे नीट लिहितेय.

हा फक्त आमच्या सोसायटीचा प्रश्न असता तर गप्प बसले असते. पण गेली काही वर्षं अख्ख्या पुण्यात हेच चाललंय. फ्लायओव्हरचे खांब रंगवले, अंडरपास रंगवले, 2023 च्या जानेवारीत जी-20 ची बैठक इथे होती तेव्हा तर रातोरात भिंती रंगल्या, चौकाचौकात फायबरचे प्राणी आणि फायबरचे मावळे उभे राहिले, आणि उपनगरात जागोजागी ‘आय लव्ह’ अमुक तमुक अशी लाइट लागणारी अक्षरं. म्हणजे या जागेवर आमचं प्रेम आहे हे सांगायला आपण वापरलं काय, तर अॅक्रिलिक आणि एलईडी, जे कुठल्याही गावात कुठल्याही गावाच्या नावाने बसवता येतं. नाव बदललं की झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सार्वजनिक पैशातून, किंवा चार लोकांनी वर्गणी काढून, एखादी कलाकृती उभी करताना पहिला प्रश्न ‘कशाची’ असतो तसा ‘कशाने’ हा पण असला पाहिजे. शिवाजी महाराज, वारकरी, वारली, मोर, पोपट, विषयावर तास तास चर्चा होते, आणि ते कशाने बनवणार हे मात्र टेंडरमध्ये कुठेतरी खाली मटेरियल म्हणून एका ओळीत असतं. मला वाटतं जागेशी असलेलं नातं त्या एका ओळीतच असतं.

हे मला कुठून कळलं तर प्रभाकर पाचपुते यांच्या कामातून. नाव ऐकलं नसेल तर तो आपला दोष आहे, कारण जगभर दाखवला गेलेला हा चित्रकार राहतो आणि काम करतो आपल्याच पुण्यात. जन्म 1986 चा, गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती, कोळसा खाणींचा पट्टा. घरातल्या तीन पिढ्या खाणीशी बांधलेल्या. खैरागढला आणि मग बडोद्याला शिल्पकला शिकले आणि हातात घेतला काय, तर कोळसा. 2012 मध्ये मुंबईत पहिलं मोठं एकल प्रदर्शन झालं तेव्हा भिंतीवरच कोळशाने काढलं. पुढे 2014 मध्ये कोची आणि साओ पावलोच्या बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारी मोठी कलाप्रदर्शनं, 2021 मध्ये ब्रिटनमधल्या वेल्सचा आर्टेस मुंडी पुरस्कार सहा जणांना मिळून दिला गेला त्यात हे एक, आणि 2022 मध्ये व्हेनिस बिएनालेच्या मुख्य प्रदर्शनात. वेल्स पण कोळशाचाच मुलूख. चंद्रपूरच्या माणसाची चित्रं तिथे भिडली यात मला नवल वाटत नाही, खाणीचं गाव खाणीच्या गावाला ओळखतं.

त्यांच्या चित्रातली माणसं बघा. धड माणसाचं आणि डोक्याच्या जागी एखादं अवजार, नाहीतर दिवा. जमीन अशी की जणू कुणीतरी कातडं सोलून नेलंय. आणि हे सगळं काळ्या भुकटीत. आता गंमत बघा, इंग्रजीत खाणीतला कोळसा वेगळा आणि चित्रकाराच्या हातातली जळकी काडी वेगळी, दोन वेगळे शब्द. मराठीत दोन्ही कोळसाच. फार तर दगडी आणि लाकडी एवढाच फरक. त्यामुळे सास्तीच्या माणसाने भिंतीवर कोळसा ओढला की मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण आपण लोकांच्या चुकांबद्दल वापरतो, पण ज्या घरात शिफ्ट संपवून आलेल्या माणसाच्या नखातला काळा रंग धुवून जात नाही त्या घरात ती म्हण वेगळी ऐकू येत असणार.

आणखी एक, भिंतीवरचं कोळशाचं चित्र टिकत नाही. प्रदर्शन संपलं की पुसलं जातं नाहीतर वरून रंग मारला जातो. जिथे गावंच्या गावं खाणीपुढे सरकतात तिथल्या चित्रकाराने टिकण्याची हमी न देणारं साधन निवडावं, हे मला फार खरं वाटतं. ते फक्त कोळशानेच काम करतात असंही नाही, कॅनव्हास आहे, प्लायवूड कापून केलेल्या आकृत्या आहेत, हलती चित्रं आहेत. पण प्रत्येक वेळी ‘हे याच गोष्टीने का’ या प्रश्नाला उत्तर असतं. आमच्या कंपाउंड वॉलकडे ते उत्तर नाहीये, माझं भांडण तिथे आहे.

आता वारलीचंच घ्या. डहाणू-तलासरीकडे ती भिंत मुळात कुडाची, कारवीच्या काठ्यांची, त्यावर माती आणि शेण लिंपलेलं, वर गेरू. पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, आणि ब्रश म्हणजे टोक चेचून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नात सवासिणी चौक काढतात, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, त्यात पालघट देवी. म्हणजे बघा, भिंत जंगलातून, शेण गोठ्यातून, लाल रंग जमिनीतून आणि पांढरा रंग त्याच शेतातल्या भातातून. चित्रात जी शेती आहे तीच शेती चित्राचा रंग आहे. यातलं एक जरी काढलं तरी काहीतरी निसटतं, आणि आपण तर सगळंच काढतो आणि फक्त त्रिकोण ठेवतो.

यावर कुणी म्हणेल की वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी पण वारली कागदावर आणलीच की. आणली, 1970 च्या दशकात आणली, आणि त्यामुळेच जगाला वारली कळली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती त्यांची होती. लग्नघरातल्या भिंतीवरून कागदावर न्यायची की नाही, कुठला विधी मागे ठेवायचा, हे ठरवणारा हात त्याच मुलखातला होता. आमच्या भिंतीसाठी नेटवरून डिझाइन उचलणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला तो हक्क कुणी दिला? एकाही वारली माणसाला विचारलेलं नाही, एक रुपया तिकडे जाणार नाही, आणि वर आपण म्हणणार की आम्ही आपली संस्कृती जपतोय.

बरं मग पुण्याचं स्वतःचं मटेरियल काय, असा प्रश्न मीटिंगमध्ये मला एका काकांनी अगदी मनापासून विचारला. चांगला प्रश्न आहे. माझं उत्तर आहे दगड.

मागच्या वर्षी आमच्या शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. पाडायच्या आधी तिथे बोअर मारून जमीन तपासली, आणि त्यातून निघालेले दगडाचे नळे लाकडी पेट्यांमध्ये ओळीने मांडून ठेवले होते, कडेला मार्करने खोली लिहिलेली. मी भाजी घेऊन येत होते, फाटक उघडं होतं, सहज डोकावले आणि दहा मिनिटं तिथेच उभी राहिले. वरच्या कप्प्यात भराव, विटांचे तुकडे, जुनं प्लास्टर. मग पिवळट मुरूम, हाताने चुरता येईल असा. आणि मग काळा कातळ, गुळगुळीत, मनगटाएवढ्या जाडीचा, ओल्या ठिकाणी निळसर दिसणारा, आणि त्यात मधेच पांढरे ठिपके, एका नळ्यात तर छोटी पोकळी आणि पोकळीत साखरेच्या दाण्यांसारखे स्फटिक. आम्ही तीस वर्षं ज्या जमिनीवर राहतोय ती मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आणि तिथल्या वॉचमनसाठी तो बॉक्स म्हणजे चप्पल ठेवायची जागा झाली होती, त्याचाही काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलं होतं की हे काय आहे?

हा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून तयार झालाय. जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर आठव्या शतकात याच दगडात वरून खाली कोरत नेलं, त्यात बाहेरून काही आणलं नाही, जे नको होतं तेवढं काढलं. शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला तेव्हा वरचे लाकूड-विटांचे मजले गेले आणि दगडाचं काम राहिलं. दगडातल्या पोकळ्यांमध्ये जे स्फटिक सापडतात ना, पाषाणच्या खाणीतला हिरवा अॅपोफिलाइट, वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट, ते जगभरच्या म्युझियममध्ये काचेच्या पेटीत ठेवलेले आहेत. आणि आपल्याकडे? सिव्हिल कोर्टचं मेट्रो स्टेशन जमिनीखाली सुमारे 33 मीटर आहे. म्हणजे 33 मीटर कातळ फोडून आपण खाली गेलो. तिथे भिंतीला एक तरी उभा कापलेला दगडाचा थर उघडा ठेवता आला असता, वरून खाली जाताना लोकांना दिसला असता की आपण कशातून जातोय, त्यापेक्षा मोठं पुण्याचं चित्र कुठला पेंटर काढणार होता?

मला लगेच सांगतील की हे महाग असतं, टिकत नाही, मेंटेनन्स कोण करणार. टिकण्याचं बोलायचं तर फायबरचा पुतळा दोन उन्हाळ्यात पांढुरका पडतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्या पायाची आतली जाळी दिसायला लागते, हे आपण सगळे रोज बघतोय. आणि महागाचं बोलायचं तर शिल्पकार रामकिंकर बैज यांचं उदाहरण आहे. शांतिनिकेतनमध्ये 1938 साली त्यांनी संथाल कुटुंबाचं मोठं शिल्प केलं, कामाच्या शोधात निघालेलं कुटुंब, बाप, आई, पोर, कुत्रा. ब्राँझला पैसे नव्हते. मग तिथल्याच जमिनीतली लाल जांभ्याची खडी घेतली आणि सिमेंटमध्ये कालवून उभं केलं, उघड्यावर. ज्या जमिनीवरून ते कुटुंब चाललंय त्याच जमिनीचं ते बनलंय, आणि 80 हून जास्त वर्षं झाली, अजून आहे. पैसा नव्हता म्हणून ते सुचलं असेलही, पण सुचलं ना. आपल्याकडे नगरसेवक निधी असतो, सीएसआर असतो, आणि डोकं कॅटलॉगच्या बाहेर जात नाही.

आता जो आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जास्त छळतो तो सांगते. इथलाच दगड, इथलीच माती, इथलाच हात, असं बोलत गेलं की ते बोलणं बघता बघता ‘इथलेच लोक’ वर येतं. आणि मग बाहेरचा कोण, आतला कोण, ही आपल्या राज्यातली जुनी भानगड सुरू. मला ते अजिबात नकोय. पण जरा मटेरियलकडे नीट बघितलं की तेच आपल्याला त्यातून बाहेर काढतं. पुण्याचा दगड फोडला कुणी? वडार समाजाने. त्यांचे पूर्वज दक्षिणेकडून आलेले, घरातली बोली आजही तेलुगूच्या जवळची. लहानपणी आमच्या गल्लीत पाट्याला टाकी लावून द्यायला एक वडारीण यायची, दारात बसून छिन्नी-हातोडीने पाट्यावर बारीक बारीक खाचा पाडायची, आवाज असा एकसारखा की आजी आत बसून म्हणायची आता पलीकडची बाजू चाललीये. संपलं की पाण्याने धुवायचा आणि पहिलं वाटण फेकून द्यायचं कारण त्यात कच असते. त्या बाईंना पुण्याचा दगड जितका माहीत होता तितका पेठेतल्या दहा पिढ्यांच्या घराला माहीत नव्हता. वाघोलीच्या खाणीत आज जे राबतात ते पण कुठून कुठून आलेले. पाचपुते स्वतः चंद्रपूरचे, राहतात पुण्यात. गणपतीचा शाडू सुद्धा बऱ्याच अंशी गुजरातमधून येतो, म्हणून काय तो गणपती आपला नाही? तेव्हा जन्म कुठला हे मी विचारतच नाहीये. जो त्या गोष्टीला हात लावतो, तिचा स्वभाव ओळखतो, तिच्यामुळे ज्याच्या हाताला घट्टे पडतात, त्याची ती जागा होते, असं मी म्हणतेय.

आणि पुणेकरांना हे कळत नाही असं तर मुळीच नाही. पार्थिव गणेश हा शब्द आपण दर भाद्रपदात वापरतो, पार्थिव म्हणजे मातीचा, पृथ्वीचा. प्लास्टरच्या मूर्तीवरून इतकी वर्षं वाद चाललाय, केंद्रीय प्रदूषण मंडळाने 2020 मध्ये नियम काढले, 2025 च्या जूनमध्ये हायकोर्टाने मूर्ती बनवायला परवानगी दिली पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको म्हणून सांगितलं, आणि या सगळ्यात कोपऱ्यावरच्या पानवाल्यापासून सगळ्यांना मत आहे की मूर्ती कशाची असावी. म्हणजे ‘कशाने’ हा प्रश्न आपल्याला विचारता येतो. मग तोच प्रश्न चौकातल्या फायबरच्या घोड्याला का नाही विचारत?

दिवाळीचा किल्ला तर त्याहून जवळचा. मला वाटतं पुण्यातली सगळ्यात मोठी मातीची कला तीच आहे, आणि ती दहा वर्षांची पोरं करतात. दगड रचायचे, वर पोतं टाकायचं, गाळलेल्या मातीचा चिखल करून थापायचा, मोहरी नाहीतर अळीव पेरायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि पाडव्यापर्यंत हिरवं होतंय का बघत बसायचं. राजगड की प्रतापगड यावरून मारामारी. सह्याद्री कसा आहे, बुरूज कुठे येतो, पाणी कुठून वाहतं, हे पुस्तकातून नाही शिकलो आपण, कोपरापर्यंत चिखलात हात घालून शिकलो. आता आमच्या सोसायटीत माती उरलेली नाही, सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक. गेल्या दिवाळीत आम्ही नर्सरीतून लाल माती पिशवीत विकत आणली, आणि दोन घरांनी तर तयार किल्लाच आणला, रंगवलेला, गवत चिकटवलेलं, पुढच्या वर्षी परत वापरता येतो. त्या घरांना मी नावं ठेवत नाही, दोघंही नोकरी करतात, वेळ नसतो. पण पोराला माती मिळू नये अशी सोसायटी आपण बांधायची, आणि मग भिंतीवर पैसे देऊन शेतीचं चित्र काढायचं, हे मला खरंच सहन होत नाही.

म्हणून मी लेखी मागणी दिलीय. भिंतीचं काम रद्द करा असं मी म्हटलेलं नाही, लोकांना भिंत चांगली दिसायला हवीय आणि ती इच्छा चुकीची नाही. मी लिहिलंय की वारलीच हवी असेल तर डहाणूकडच्या कलाकारांना बोलवा, त्यांना विचारा ही भिंत, हा रस्ता बघून काय काढाल आणि कशाने काढाल, त्यांचा जो काय रेट असेल तो द्या, पावसाने गेलं तर दोन वर्षांनी परत बोलवा, परत द्या. नाहीतर रंग नकोच, भिंतीचं प्लास्टर 10 फूट उतरवून आतला दगड उघडा करा, आमची जुनी भिंत घडीव दगडाची आहे, कुणीतरी वडाराने एकेक चिरा घडवलेला आहे, वरून सिमेंट थापून आपणच ती झाकलीय. आणि मागच्या पार्किंगमधले दोन रांगा पेव्हिंग ब्लॉक काढून तिथे माती मोकळी सोडा. शहरासाठी पण मला हेच हवंय, कुठलीही कलाकृती बसवताना कशाची बनली, ते कुठून आलं आणि कुणी घडवलं हे तिथे पाटीवर लिहा. उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं हे लिहितोच की आपण, मग जागा आहे पाटीवर.

सेक्रेटरी काकांनी मागणी वाचली आणि म्हणाले बाई, दगडाचं बघू, पण पार्किंगचं अवघड आहे, दोन गाड्या कमी होतील. मी म्हटलं माझी गाडी बाहेर लावते. ते काही बोलले नाहीत. शेजारच्या साइटवरून त्या नळ्यांपैकी चार तुकडे मी तिथल्या इंजिनिअरला विचारून घरी आणलेत, गॅलरीत कुंड्यांच्या मागे ठेवलेत. खालच्या मजल्यावरची दोन पोरं येऊन बघून गेली, एकाने उचलून बघितला आणि म्हणाला केवढा जड आहे, आणि मग दुसऱ्याला म्हणाला हा बुरूज होईल.